दाढीवाला सरडा: आकार, रंग आणि कातडी

ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि पूर्व भागातल्या कोरड्या मुलखात, कुंपणाच्या खांबावर नाहीतर वाळक्या ओंडक्यावर ऊन खात बसणारा बिअर्डेड ड्रॅगन नावाने ड्रॅगन असला, तरी तो आपल्या बागेतल्या सरड्याच्याच कुळातला. डिवचला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून दाढीवाला. अर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १९६०च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीचे दार बंद केले, आणि तरीही १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांत हा सरडा सर्रास मिळू लागला. याचा अर्थ उघड आहे. ऑस्ट्रेलियाबाहेर पाळलेले आजचे दाढीवाले सरडे हे बहुतेक सगळे चोरून बाहेर नेलेल्या थोड्याशा पूर्वजांचे वंशज आहेत. या धंद्याचे मूळ भांडवल असे तुटपुंजे, आणि त्यात रानातले नवे रक्त घालण्याची राजरोस सोय नाही. पैदास आकारासाठी करा नाहीतर रंगासाठी, ती याच आटलेल्या साठ्यातून करावी लागते.

पैदास करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, आम्ही धिप्पाड, दणकट जनावर घडवतो. खरा खेळखंडोबा रंगवाल्यांनी मांडला आहे. दुसरा म्हणतो, रंग एखाद्या जनुकाचा मामला, त्याने जिवाला काय होते? माझ्या मते ही वाटणीच चुकीच्या जागी केलेली आहे. जनावराच्या शरीराची कुठली कामे बिघडली आणि बिघाड कुणाला दिसतो, हे पाहिले की दोन्ही तटांत दोषी सापडतात, आणि निर्दोषही.

आधी आकार. साधा दाढीवाला सरडा शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो. ‘जर्मन जायंट’ या नावाने विकला जाणारा वाण याहून मोठा असल्याचा दावा असतो. पण आकार एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुके आणि खाणेपिणे मिळून तो घडतो. जायंटची जोडी साध्या सरड्याशी लावली की दोन-तीन पिढ्यांत मोठेपणा पातळ होतो, नाव मात्र किमतीसाठी चिकटून राहते. मग पुरावा उरतो तो टेपचा, आणि टेप लांबवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पिल्लांना खाऊ घालत सुटणे. पाळीव सरड्यांतला लठ्ठपणा आणि चरबीने भरलेले यकृत पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मादीचे हाल वेगळेच. ती एका वेळी वीसेक अंडी घालते, तेही एका हंगामात अनेकदा, आणि अंड्यांच्या कवचाला लागणारा कॅल्शियम आहारात कमी पडला तर तो तिच्या हाडांतून जातो. मोठी मादी जास्त अंडी घालते म्हणून पैदासवाल्याला ती हवीहवीशी. यातला दोष जनुकाचा थोडा आणि हव्यासाचा अधिक, पण त्याने जायंटवाल्यांची सुटका होत नाही.

रंगाकडे वळले तर ‘रंग काय, वरवरचाच’ हा युक्तिवाद आधी तपासायला हवा. या सरड्याचा रंग ही नुसती सजावट नव्हे. सकाळी अंग थंड असताना तो गडद होतो आणि ऊन लवकर शोषून घेतो. तापला की फिकट पडतो. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर पेटीत दिवा आणि सावली दोन्ही नीट असतील, तर काळे रंगद्रव्य कमी असलेला ‘हायपो’ सरडा सुखाने जगू शकतो. अप्रकट जनुक उघडे पाडण्यासाठी भावंडांची किंवा बाप-लेकीची जोडी लावली जाते, खरी काळजी तिथे आहे. शिवाय कुठला रंग निरुपद्रवी आहे हे आधी कळत नाही. आफ्रिकेतल्या बॉल पायथनचा ‘स्पायडर’ हा वाण अंगावरच्या जाळीदार नक्षीसाठी प्रसिद्ध झाला. त्याचे डोके डुगडुगते आणि भक्ष्यावरचा नेम चुकतो. वर्षानुवर्षे ‘थोडीशी डुगडुग’ म्हणून ते खपवले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. नक्षी आणि तोल एकाच जनुकाच्या हातात होते.

आणि मग कातडी. इटलीतून आलेल्या ‘लेदरबॅक’ वाणात पाठीवरचे खवले बारीक असतात, त्यामुळे रंग खुलून दिसतो. या जनुकाची एक प्रत आली तर लेदरबॅक, दोन आल्या तर खवलेच नसलेला ‘सिल्कबॅक’. लेदरबॅकशी लेदरबॅकची जोडी लावली की सरासरीने दर चार पिल्लांत एक सिल्कबॅक निघतो. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात खवले कमी असलेल्या सरड्यांच्या अंगातून पाणी अधिक वेगाने उडून जाते असे दिसले. कोरड्या प्रदेशातल्या प्राण्याचे नेमके हेच संरक्षण काढून घेतलेले असते. कात नीट निघत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला तिचे वळे राहते, ते आवळत जाते, रक्त थांबते आणि बोट काळे पडून झडते. समागमात नर मादीची मान दातांनी धरतो. खवले असलेल्या मादीला ते सोसते, सिल्कबॅक मादीची कातडी फाटते. इथे रंगाचा तट हरला, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

यावर आकारवाले म्हणतील, आम्ही निसर्गाच्याच वाटेने चाललो आहोत, मोठे जनावर म्हणजे निरोगी जनावर. त्याला उत्तर ऑस्ट्रेलियातूनच बाहेर पडलेल्या दुसऱ्या प्राण्याने दिले आहे. जॉन गूल्डने १८४० मध्ये बजरिगर जिवंत इंग्लंडला नेले. आपल्याकडे त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात. एकोणिसाव्या शतकातच बेल्जियममध्ये पिवळे आणि निळे पक्षी निघाले आणि ते ठणठणीत जगले. पुढे प्रदर्शनांत मोठे डोके आणि लांब पिसे यांना बक्षिसे मिळू लागली. रानातला पक्षी ३० ग्रॅमच्या आसपास, तर प्रदर्शनातला ५०च्या पुढे. अशा मोठ्या वाणांतच ‘फेदर डस्टर’ नावाची पिल्ले निघतात. त्यांची पिसे वाढायची थांबतच नाहीत. ती उडू शकत नाहीत, पिसांमुळे त्यांना धड दिसत नाही आणि लवकर मरतात. म्हणजे तिथे रंग निभावला आणि आकार अंगाशी आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेटीतली पैदास झाली नसती तर रानातून चोरी वाढली असती, असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरेही असावे. पण साध्या सरड्यांच्या पैदाशीने ते भागते. त्यासाठी लेदरबॅकच्या जोड्या लावाव्या लागत नाहीत. सिल्कबॅकला मलम लावून, दिव्याचा ताप कमी ठेवून जपणारे मालकही आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण ती पिल्लू जन्मल्यानंतरची गोष्ट झाली. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्याचे ११ब हे कलम त्याच्या आधीचा प्रश्न विचारते. संततीला वेदना किंवा इजा होईल असे अपेक्षित असेल, तर अशी पैदास करण्यास ते मनाई करते. लेदरबॅकच्या जोडीला ही कसोटी सहज लागू पडते, कारण गणित आधीच माहीत असते. जायंटला ती लावणे अवघड जाते, कारण तिथे कुणी हिशेबच ठेवत नाही. कुत्र्यांच्या जातींना निदान वंशावळीची वही असते. इथे जाहिरातीत लांबी असते, आईबाप किती वर्षे जगले आणि कशाने मेले हे नसते. ते लिहिले जाईपर्यंत जायंट हा निरुपद्रवी वाण आहे हे विक्रेत्याचे म्हणणे मी मान्य करणार नाही.