यंत्राची आठवण

दिवाळीच्या सुट्टीनंतर काकांनी वर्कशॉप उघडलं आणि सीएनसी लेथ काही चालू होईना. पडद्यावर अलार्मच अलार्म. "बोर्ड उडाला," म्हणून सगळ्यांचे चेहरे पडले. नवा बोर्ड म्हणजे लाखाची गोष्ट, आणि माल तर शुक्रवारी द्यायचा!

बोर्ड शाबूत होता. संपली होती ती आतली बॅटरी. तिच्याबरोबर यंत्राची सगळी पॅरामीटर्स पुसली गेली होती : स्क्रूची ढिलाई किती, स्लाइड कुठवर सरकवायची, सगळंच.

मग मी या आजाराचा इतिहास शोधत बसलो. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं. कल्पना जॉन पार्सन्सची, पैसा हवाईदलाचा. कंट्रोलची कपाटं जवळपास मशीनएवढी, आत शेकडो व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले. बिघाड सतत, पण बराचसा डोळ्यांना दिसणारा : विझलेली ट्यूब, काळवंडलेला रिले. आणि प्रोग्रॅम कुठे? भोकं पाडलेल्या टेपवर. वीज गेली तरी भोकं कुठे जाणार?

पुढे ट्रान्झिस्टर आले, मग आयसी. १९७०च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आला आणि कपाटाचे दोन-चार बोर्ड झाले. आधीच्या चुंबकी कोअर मेमरीला विजेशिवायही सगळं आठवायचं. तिच्या जागी आलेली रॅम स्वस्त आणि चपळ, पण वीज गेली की विसरणार. म्हणून तिच्या उशाशी बॅटरी. म्हणजे यंत्र हुशार झालं आणि त्याला एक नवाच आजार जडला, विस्मरणाचा!

जुने मेकॅनिक बोर्डाला हात लावण्याआधी मीटर काढून पाच व्होल्टची लाईन तपासतात, फुगलेले कपॅसिटर शोधतात, कनेक्टर काढून पुसून बसवतात. आणि बॅटरी बदलतात ती मशीनची वीज चालू ठेवूनच. ती चूक झाली की निरोगी बोर्डही बिचारा बदनाम होतो.

आमचं निभावलं ते एका कागदामुळे. कंट्रोल पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला, तेलाने पिवळा पडलेला, जुन्या मेकॅनिकच्या अक्षरातला आकड्यांचा तक्ता. काका वाचत गेले, मी टाईप करत गेलो. रात्री साडेनऊला स्पिंडल फिरला.

तो मेकॅनिक कधीच निवृत्त झालाय. दुसऱ्या दिवशी काकांनी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक माझ्याकडे आहे.