डॉल्बीच्या जिल्ह्यात घरच्या घरी 'हाय-फाय' स्पीकर कसा बनवतात?

कोल्हापूर जिल्ह्यात कुणालाही विचारा, डॉल्बी म्हणजे काय? उत्तर एकच येणार. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यासमोर छाती धडधडते आणि खिडकीच्या काचा थरथरतात.

आता गंमत बघा. डॉल्बी हे रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं आडनाव. त्यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली आणि पहिलं नाव कमावलं ते टेपवर येणारी खरखर कमी करून. म्हणजे ज्या माणसाने आवाजातला गोंगाट काढला, त्याच्याच नावाने आपल्याकडे गोंगाट ओळखला जातो.

या गोष्टीतच आपल्या विषयाचं मर्म आहे. मोठा आवाज आणि चांगला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा आवाज भाड्याने मिळतो. चांगला आवाज मात्र गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावात बसून, सुताराच्या मदतीने, स्वतःच्या हाताने बनवता येतो. कसा? तेच समजून घेऊ.

हाय-फाय म्हणजे नक्की काय?

हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. साध्या मराठीत, मूळ आवाजाशी इमान. गायिकेचा आवाज जसा रेकॉर्ड झाला तसाच ऐकू यावा, स्पीकरने त्यात पदरचं काही घालू नये आणि त्यातलं काही गिळू नये.

आज आपण वापरतो तो कागदी कोन आणि कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये जगापुढे मांडला. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल असते, तिच्यातून करंट गेला की ती मागे-पुढे हलते, सोबत कोन हलतो आणि हवा ढकलली जाते.

मग खोका कशाला लागतो?

एक प्रयोग करा. सुटा वूफर हातात धरून गाणं लावा. आवाज येईल, पण बेस गायब. आता पुठ्ठ्याला वूफरएवढं भोक पाडून तो त्यावर दाबून धरा. बेस परत आलेला जाणवेल.

कारण सोपं आहे. कोन पुढची हवा दाबतो तेव्हा मागची हवा विरळ होते. जाड आवाजाच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटरची. ती वूफरला वळसा घालून मागच्या उलट लाटेला भेटते आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. खोका मागची लाट कोंडून ठेवतो. म्हणून खोका हा स्पीकरचा अर्धा भाग आहे, तो शोभेचा डबा नाही.

खोका किती मोठा? इथे अंदाज चालत नाही

पूर्वी हे काम बरंचसं अंदाजाने चालायचं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं पक्कं गणित मांडलं. आज चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकात 'थील-स्मॉल पॅरामीटर' छापलेले असतात. आपल्याला त्यातले तीन आकडे लागतात:

- एफएस : वूफर मोकळा असताना ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतो ती.
- क्यूटीएस : ते डोलणं किती लवकर आवरतं याचं माप.
- व्हीएएस : वूफरच्या लवचीकपणाइतकीच लवचीक हवा किती लिटर, ते.

समजा साडेसहा इंची वूफर आहे. एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस २० लिटर. बंद खोक्यात बसवल्यावर एकूण 'क्यू' ०.७०७ आला की बेस सपाट आणि आटोपशीर मिळतो. गणित असं: ०.७०७ ला ०.४५ ने भागा, उत्तर १.५७. त्याचा वर्ग २.४७, त्यातून १ वजा केला की १.४७. आता २० ला १.४७ ने भागा. उत्तर साधारण १३.६ लिटर. हा झाला खोका. बेस ७० हर्ट्झच्या आसपासपर्यंत व्यवस्थित येईल.

हाच वूफर ४ लिटरच्या डब्यात कोंबला तर क्यू १.१ होतो. मग ११० हर्ट्झजवळ आवाज फुगतो आणि त्याखाली झपाट्याने पडतो. स्वस्त स्पीकरमधला बदबदणारा बेस अनेकदा असाच तयार होतो.

बेससाठी भोक म्हणजे पोर्ट असलेले खोकेही असतात. ते आणखी खाली उतरतात, पण त्यात चुकायला जागा जास्त. पहिली जोडी बंद खोक्याचीच करा. विनआयएसडी हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारांचं गणित करून देतं.

सुताराकडे जाताना काय सांगायचं?

आतलं माप १९ × २० × ३८ सेमी ठेवा. हे होतात १४.४ लिटर. वूफरचा मागचा भाग आणि सर्किट यांची जागा सोडली की आपले १३.६ उरतात. १८ मिमी जाडीच्या लाकडात एका खोक्याचे तुकडे असे:

- पुढची आणि मागची फळी : २२.६ × ४१.६ सेमी, २ नग
- बाजूच्या फळ्या : २० × ४१.६ सेमी, २ नग
- वरची आणि खालची फळी : १९ × २० सेमी, २ नग

जोडीला ८ बाय ४ फुटांच्या शीटचा साधारण एक तृतीयांश भाग लागतो. कुणाच्या तरी कपाटाच्या कामातून उरलेला तुकडाही चालून जाईल.

एमडीएफ कापायला सोपं आणि एकसारखं असतं, पण पाणी लागलं की फुगतं. आजऱ्याकडून पावसाचं वारं सुटलं की आपल्याकडे घरात ओल येतेच. त्यामुळे एमडीएफ घेतलं तर कडा नीट सील करून रंगवा, नाहीतर चांगलं वॉटरप्रूफ प्लाय घ्या. सांधे फेविकॉलने चिकटवा आणि आतून सिलिकॉन फिरवा. बंद खोका म्हणजे खरंच बंद पाहिजे. हवा निसटली की गणित फसलं. आत उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस सैल भरा.

क्रॉसओव्हर : कुणी काय गायचं?

वूफरला बारीक आवाज झेपत नाहीत आणि ट्विटरला जाड. (हे ट्विटर म्हणजे इलॉन मस्कने घेतलेलं नव्हे.) दोघांत कामाची वाटणी करतो तो क्रॉसओव्हर.

झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत आजही खूप वापरली जाते. ८ ओहमचे ड्रायव्हर आणि २५०० हर्ट्झवर वाटणी धरली, तर प्रत्येक बाजूला साधारण १ मिलीहेन्रीची कॉइल आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. वूफरच्या वाटेत कॉइल आणि त्यानंतर वूफरला समांतर कपॅसिटर. ट्विटरला याच्या बरोबर उलट. या पद्धतीत ट्विटरच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल करून जोडतात.

मात्र हे आकडे फक्त सुरुवात आहेत. खरा वूफर सगळीकडे ८ ओहम राहत नाही. ट्विटर बहुतेक वेळा वूफरपेक्षा जोरात वाजतो, तेव्हा रेझिस्टर लावून त्याला आवरावं लागतं. म्हणून मोजमाप करायचं. आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा साधा यूएसबी माइक एवढ्यावर भागतं.

वायर उलटी लागली तर?

डावा-उजवा उलटसुलट जोडला गेला की एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बेस गळतो. यावर साधा उपाय आहे. खोक्यात बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या टर्मिनलला लावा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टर्मिनल प्लस. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नका.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

'५००० वॅट पीएमपीओ' लिहिलेले टेप आठवतात? तो आकडा दुकानात भाव खाण्यापुरता होता. बघायचं ते आरएमएस. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. घरच्या खोलीला ३० वॅट भरपूर झाले. २४ व्होल्टचा बंद अडॅप्टर आणि क्लास-डी अँप्लिफायर बोर्ड घ्या. २३० व्होल्टच्या वायरिंगला नवख्याने हात घालू नये.

सामान कुठे मिळेल, पैसे वाचतील का?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली हे इलेक्ट्रॉनिक्सचे जुने बाजार आहेत. शिवाय ऑनलाइन आहेच. कुठूनही घ्या, अट एकच. ज्या वूफरसोबत थील-स्मॉलचे आकडे नाहीत तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या जोडीत पैसे वाचतीलच असं नाही. एखादी फळी चुकेल, एखादी कॉइल बदलावी लागेल. पण दुसरी जोडी बनवताना आपण काय करतोय हे कळलेलं असतं.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

बेस ढणाढणा वाजवून नाही. ओळखीच्या माणसाचं बोलणं लावा. तो खोक्यातून किंवा नाकातून बोलल्यासारखा वाटला तर क्रॉसओव्हर परत बघा. मग तबला लावा. डग्ग्याची घुमक सुरू होते तशी थांबलीही पाहिजे. शेवटी तानपुरा. चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या की झालं काम. ज्या कोल्हापूरच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ गायले, तिथल्या कानांना ही परीक्षा जड जाऊ नये.

हे सगळं हळू आवाजात करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणि ऐकूच आलं नाही, तर जगातला सगळ्यात भारी स्पीकरही नुसतं फर्निचर आहे.

डॉल्बीच्या भिंतीपुढे सगळी गाणी सारखीच वाटतात. नीट बनवलेल्या १३.६ लिटरच्या खोक्यासमोर मात्र हजारदा ऐकलेल्या गाण्यातही आधी कधी न ऐकलेलं काहीतरी सापडतं. खरा नाद खुळा तोच.