टेबलावरचे रणगाडे: रंग, चिखल आणि गंज

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांत रणगाडा उशिराच आला. एच. जी. वेल्सने 1903 मध्ये ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत रणगाड्यासारखे चिलखती यंत्र कल्पिले होते. मात्र त्यानेच 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले, तेव्हा त्यात पायदळ, घोडदळ आणि स्प्रिंगच्या तोफाच होत्या. खरा रणगाडा रणांगणात उतरला तो सप्टेंबर 1916 मध्ये, सॉमच्या लढाईत.

टेबलावर रणगाड्यांची गर्दी झाली ती 1960 नंतर, प्लास्टिकमुळे. ऑस्ट्रियातील रोको कंपनीचे 1:87 प्रमाणातले ‘मिनीटँक्स’ आणि ब्रिटनच्या एअरफिक्सचे 1:76 चे स्वस्त संच शाळकरी पोरांनाही परवडत. रंगकाम अगदी जुजबी असे. डबीतल्या एनॅमलचा एक सपाट हात दिला, चिन्हे चिकटवली आणि गाडी कोणत्या बाजूची हे लांबून कळले, की झाले.

पुढची कारागिरी खेळाडूंची नव्हे, ती कपाटात ठेवण्यासाठी मोठी मॉडेल करणाऱ्यांची. त्यांचे 1:35 हे प्रमाण जपानच्या तामिया कंपनीमुळे रूढ झाले, तेही योगायोगाने: पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तो आकार ठरला होता. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडनने 1970-80 च्या दशकांत दोन युक्त्या लोकप्रिय केल्या. एक ‘वॉश’, म्हणजे खाचांत साचणारा पातळ गडद रंग. दुसरी ‘ड्राय ब्रशिंग’, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर उमटवलेली फिकट छटा. बोटभर वस्तूवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही. म्हणून नाटकातल्या मेकअपप्रमाणे ती रंगवूनच दाखवावी लागते.

इतिहासही रंगाऱ्याला मोकळीक देतो. फेब्रुवारी 1943 पासून जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला. वरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांकडे येत. ते पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून पट्टे ओढायचे काम रणगाड्यावरच्या सैनिकांचे. साहजिकच एकाच तुकडीतले दोन रणगाडेही सारखे दिसत नसत.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी मिग हिमेनेस आणि इतर स्पॅनिश कारागिरांनी पिगमेंटची धूळ, पावसाचे ओघळ, उडालेला रंग यांचे वेगळे तंत्रच उभे केले. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, त्यावर अ‍ॅक्रिलिक द्यायचे आणि ओल्या ब्रशने ते जागोजागी खरवडायचे, ही त्यातलीच एक रीत. यात अतिरेकही पुष्कळ झाला. आघाडीवरचे कित्येक रणगाडे काही महिन्यांतच कामी येत. पत्रा गंजून पोखरला जायला त्यांना सवड कुठली? तापणारा सायलेन्सर आणि जळालेला सांगाडा मात्र खरोखरच झटपट गंजतो.

‘फ्लेम्स ऑफ वॉर’ (2002) आणि ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ (2012) या खेळांनी हे सारे टेबलावर आणले, पण आखडून. पहिल्यातले रणगाडे 1:100 चे आणि एका फौजेत डझनभर लागणारे. प्रत्येकावर महिना घालवणे शक्यच नसते. म्हणून ब्रशऐवजी स्पंजच्या तुकड्याने टवके उमटवतात, वॉश एकदाच देतात आणि चिखल फक्त पट्ट्यांवर व खालच्या भागावर चढवतात. खेळताना गाडी सतत हाताळली जाते, सुटे पिगमेंट बोटांना लागते; त्यामुळे वरून मॅट वार्निश द्यावेच लागते. त्याने धूळ काळवंडते, म्हणून अनुभवी खेळाडू ती आधीच थोडी जास्त आणि फिकट टाकतात.