बेने इस्रायलांचे धरणे

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने ज्यांना शनवार तेली म्हटले, ते बेने इस्रायल मराठी बोलतच इस्रायलात गेले. तेथे युरोप, इराक, येमेन, मोरोक्को अशा नाना देशांचे ज्यू जमले होते. धर्म एक, पण पंगत एक नव्हती. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने फर्मावले : यांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी आईकडची वंशावळ तपासा. (रोटी चालते, बेटी नाही, आपल्याला हे का नवे आहे?) १९६४ च्या उन्हाळ्यात ही माणसे जेरुसलेमात धरणे धरून बसली. इतर ज्यूंतूनही त्यांच्या बाजूने आवाज उठला. ऑगस्टात संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव गाळले. संशयिताची तपासणी मात्र ठेवलीच. संपाचे करार मी असेच अर्धेमुर्धे पाहिले आहेत. ‘मायबोली’ हे त्यांचे मराठी नियतकालिक पुढे तेथेच निघाले.