छावणी (पेडगाव, ता. श्रीगोंदा)
उघड्यावरील दीर्घ मुक्कामाची लष्करी व्यवस्था. चिखल व नद्यांचे पूर यांमुळे पावसाळ्यात मोहिमा थांबत. तेव्हा फौजा छपरे घालून एके ठिकाणी राहत, त्यास ‘छावणी’ म्हणत. पाणी, चारा, सरपण व उंचवटा पाहून जागा निवडीत. दख्खनचा मोगल सुभेदार बहादुरखान कोकलताश याने सु. १६७२–७३ मध्ये श्रीगोंद्याच्या दक्षिणेस भीमेकाठी पेडगाव येथे छावणी केली. अवर्षणप्रवण मुलखात नदीमुळे माणसे व जनावरे यांची सोय झाली. हत्तीच्या मोटेने पाणी चढविण्याच्या जागेचे अवशेष तेथे दाखविण्यात येतात. तटबंदीनंतर हा मुक्काम बहादूरगड म्हणून ओळखला जाऊ लागला. फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद केलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना येथेच औरंगजेबापुढे आणण्यात आले. हलक्या सरंजामाची मराठी पथके सहज मुक्काम बदलीत. अवजड मोगली फौज मात्र पाणी व चारा यांनाच जखडलेली राहिली.