अडुळसा आणि जोशांदा

पेण तालुक्यातील हमरापूरचे नाव निघाले की गणेशमूर्तींचे कारखाने आठवतात. पण या पेण-रोहा पट्ट्यात कुंपणाकडे पाहिले, तर अडुळसाही दिसतो. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला बरा. आणि छातीत कफ भरला की त्याचीच पाने आले-खडीसाखरेबरोबर उकळतात. आम्हां कोकणी मुसलमानांच्या घरांत या काढ्याच्या जोडीला जोशांद्याची पुडी असते. काढा इथला आणि जोशांदा बाहेरचा, काढा त्यांचा आणि जोशांदा आमचा, अशी वाटणी हल्ली दोन्ही बाजूंनी होते. इतिहास पाहिला तर ती टिकत नाही.

'जोशांदा' हा शब्द 'जोशीदन', म्हणजे उकळणे, या फारसी क्रियापदावरून आला. अर्थाने तो काढाच. त्यात उन्नाब, बिहीदाणा, गुलबनफशा हे जिन्नस असतात. पण सपिस्तान म्हणजे आपले भोकर आणि असलुस्सूस म्हणजे ज्येष्ठमध. हकीम ज्याला 'बलगम' म्हणतात, तो शब्द ग्रीक 'फ्लेग्मा'चे अरबी रूप आहे. ग्रीकांचे शास्त्र अरबांनी वाढवले, इराणने जोपासले आणि दख्खनमध्ये त्याला इथल्या झाडपाल्याची जोड मिळाली.

ही जोड कशी मिळाली, याचे पुरावे आहेत. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला किल्ला बांधला. हे चौल आजच्या रायगड जिल्ह्यातच आहे. १५३४ साली गोव्यात आलेला गार्सिया द ऑर्ता हा हकीम याच बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी. ज्यू वंशातला हा माणूस अरबी वैद्यक जाणणारा होता आणि हिंदू वैद्यांनाही विचारून घेई. औषधी वनस्पतींवरील त्याचे संवाद १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र युरोपभर पोचला.

इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेला मुहम्मद कासिम फरिश्ता हाही अहमदनगरचा आश्रित. १५८९ साली तो विजापूरला गेला. त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथ लिहिला, तो हिंदुस्थानी वैद्यांच्या उपचारपद्धतीवर आणि फारसी भाषेत. आपल्या इल्मला इथल्या इल्मची गरज आहे, हे त्याने चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

इंग्रजी अमलात दोघांवर एकच संकट आले. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने नोंदणीचा मान पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना दिला. वैद्य-हकीम बाहेर राहिले. त्याआधीच, १९१० साली, हकीम अजमल खान यांनी दोघांची एकत्र परिषद उभी केली होती. त्यांच्या दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींनी केले. दोन्ही शास्त्रे एकाच आवारात शिकवली जावीत, हा हकीमसाहेबांचा आग्रह होता.

आधुनिक औषधशास्त्रानेही अडुळशाकडे पाहिले. त्यातल्या 'व्हॅसिसिन' या द्रव्यावरून 'ब्रोमहेक्सिन' हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकात बाजारात आले. आजही खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर ते नाव वाचायला मिळते.

करोनाच्या २०२० सालात पुन्हा घरोघरी काढे उकळले. आयुष मंत्रालयाच्या सूचनांत तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा होता, तसा उन्नाब, सपिस्तान, बिहीदाण्याचाही. इथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट बोलू. गरम काढ्याने घसा शेकतो, कफ सैल व्हायला मदत होते. पण त्याने प्रतिकारशक्ती वाढून साथ टळते, हे सिद्ध झालेले नाही. धाप लागली, ताप हटला नाही तर डॉक्टर गाठावा. गर्भवतीने तर अडुळसा टाळावाच.

वारसा सांगायचा तो असा, त्याच्या मर्यादांसकट. त्यातला निम्मा भाग आपला आणि निम्मा परका म्हणून तोडायला गेलो, तर हातात ना काढा राहील, ना जोशांदा. भोकराला सपिस्तान म्हणा की भोकर, झाड तेच आहे आणि ते याच मातीत वाढते.