‘नॉर्मल’ आणि ‘पूर्वपद’

कुर्ल्याच्या बाजारांत कोणासही विचारावें, ‘नॉर्मल’ हा शब्द त्यास परका वाटत नाहीं. ताप उतरला कीं माणूस नॉर्मल, गाडी वेळेवर आली कीं वाहतूक नॉर्मल. इतका अंगवळणीं पडलेला हा शब्द मूळचा सुताराच्या पेटींतला आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत असेल. लॅटिन भाषेंत ‘नॉर्मा’ म्हणजे गुण्या. तेव्हां जें गुण्यास बरोबर लागलें तें नॉर्मल. ‘नेहमीं घडणारें’ हा अर्थ इंग्रजींत रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकांत.

आपल्याकडे हा शब्द प्रथम शाळेच्या दारानें आला. पॅरिस येथें १७९४ सालीं शिक्षक तयार करण्यासाठीं ‘एकोल नॉर्माल’ निघाली, आणि तें नांव पुढें इंग्रजींत ‘नॉर्मल स्कूल’ झालें. मेरी कार्पेंटर १८६६ सालीं हिंदुस्थानांत आल्या तेव्हां शिक्षिका तयार करणाऱ्या अशाच शाळांचा त्यांनीं आग्रह धरला. येथें अर्थ गुण्याचाच होता. इतरांनीं जिच्याबरहुकूम चालावें ती नॉर्मल शाळा.

हवामानखात्याचा नॉर्मल मात्र अगदीं वेगळा. दीर्घकालीन सरासरीच्या शेंकडा ९६ ते १०४ पाऊस पडला कीं तो पावसाळा नॉर्मल. ही केवळ बेरीज आणि भागाकार. तो पाऊस योग्य कीं अयोग्य, याचा तींत संबंध नाहीं. मराठी वर्तमानपत्रें त्यास ‘सरासरीइतका’ म्हणतात, आणि आम्हांस तो शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. मराठींत प्रकृतिस्थ, सुरळीत, सरासरी, नेहमींचें असे निरनिराळे शब्द होते. एका इंग्रजी शब्दानें ते सारे गिळले, आणि जें वारंवार घडतें तेंच योग्य असा भास त्याबरोबर आला.

या भासाची किंमत कुर्ल्यानें मोजली आहे. मुंबईचीं पावसाळी गटारें ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून, आणि त्यांतलें निम्में पाणी जमिनींत मुरेल असें गृहीत धरून बांधलेलीं होतीं. कोणा एका काळची सरासरी अशा रीतीनें चुन्याविटांत गुण्या होऊन बसली. पुढें मुरायला जमीन उरली नाहीं. गुण्या मात्र तोच राहिला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी नदी पात्राबाहेर पडली आणि कुर्ला पाण्यांत बुडालें.

गाड्या पुन्हा धांवूं लागल्या कीं ‘जनजीवन पूर्वपदावर’ असें छापून येतें. कुर्ल्यापुरतें बोलावयाचें तर गाडीवरून सारें मोजणें स्वाभाविकच. देशांतली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती कुर्ल्यासच. पहिल्या महायुद्धानंतर हार्डिंग यांनीं १९२० सालीं अमेरिकन मतदारांस ‘नॉर्मलसी’कडे परतण्याचें आश्वासन दिलें आणि ते निवडून आले, थकलेल्या माणसास पूर्वपदाची ओढ असतेच. पण नदीकांठच्या झोंपडीचें पूर्वपद कोणतें? तोच कांठ आणि तेंच पात्र.

त्या पुरानंतर मिठीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमलें गेलें, पात्र रुंद व खोल करण्याचीं कामें निघालीं, आणि गटारांचें माप ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचें काम हातीं घेतलें गेलें. २०१९ च्या जुलैंत मिठी चढली तेव्हां कुर्ल्याच्या क्रांतिनगरांतील रहिवाशांस घरें सोडून पुन्हा बाहेर पडावें लागलें.